दिवे मालवले आणि माकडाला आठवलं

1913 साली वॉल्टर हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. प्राण्यासमोर तीन कप्पे. ज्या कप्प्याचा दिवा लागेल तिथे खाऊ मिळतो, हे त्याला आधी शिकवलेलं. मग हंटरने अट कडक केली. दिवा लागायचा, विझायचा, आणि प्राण्याला थोडा वेळ अडवून मगच सोडलं जायचं. आता तिन्ही कप्पे सारखेच अंधारे. योग्य कप्पा गाठायचा तर नुकतंच पाहिलेलं काहीतरी त्या जिवाने स्वतःजवळ राखून ठेवलेलं असलं पाहिजे. उंदीर, कुत्री, रॅकून आणि लहान मुलं अशा सगळ्यांना हंटरने या परीक्षेला बसवलं. उंदीर आणि कुत्री बहुतेक वेळा एका युक्तीने पार पडायची. दिवा दिसला त्या दिशेला अंग रोखून ती थांबायची आणि मोकळी होताच नाकासमोर चालू लागायची. तो रोख मोडला की ती चुकायची. रॅकून आणि मुलं मात्र तोंड दुसरीकडे फिरलं तरी योग्य कप्प्याकडे जायची.

त्या उंदराची आठवण कुठे होती? मेंदूत, असं आपण सवयीने म्हणू. पण हंटरच्या उंदराने ती मुख्यतः उभं राहण्याच्या पवित्र्यात, मानेच्या आणि पाठीच्या रोखात ठेवली होती. मेंदूने काम हलकं करून घेतलं आणि ओझं शरीरावर टाकलं. प्राण्यांच्या स्मृतीवरच्या या सुरुवातीच्या प्रयोगातच एक गोष्ट स्पष्ट झाली होती. काही क्षणांपुरतं काही लक्षात ठेवायचं असेल तर प्राणी हाताशी असेल ते साधन वापरतो, आणि कोणतं साधन वापरायचं हे समोरचं काम ठरवतं. पुढच्या शंभर वर्षांत ही गोष्ट वारंवार विसरली गेली.

ज्या क्षमतेबद्दल हे चाललं आहे तिला मानसशास्त्रात वर्किंग मेमरी म्हणतात. आपण तिला कार्यस्मृती म्हणू. कपाटाखाली शिरलेल्या उंदराची वाट पाहत मांजर दबा धरून बसतं. उंदीर दिसत नाही, त्याचा आवाज नाही, तरी मांजराची नजर त्याच फटीवर असते, आणि दुसऱ्या बाजूने आवाज आला तर ते तिकडे झेप घ्यायलाही तयार असतं. समोर नसलेली गोष्ट काही सेकंद, फार तर काही मिनिटं मनात धरून तिच्या आधारे वागणं म्हणजे कार्यस्मृती. शिकार, पिल्लांची राखण, कळपातल्या बलवान प्राण्याला टाळणं, यांतलं काहीही तिच्याशिवाय जमत नाही.

ही क्षमता मेंदूच्या कुठल्या भागात असते, असा प्रश्न पाठ्यपुस्तकं विचारतात आणि कपाळामागच्या भागाकडे, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडे, बोट दाखवून मोकळी होतात. माझ्या मते मुळात प्रश्नच चुकीचा विचारला जातो. हे केवळ शास्त्राच्या काटेकोरपणाचं प्रकरण असतं तर त्यावर इतकं लिहिण्याची गरज नव्हती. या चुकीची किंमत माणसांनी मोजली आहे.

1930 च्या दशकात येल विद्यापीठात जॉन फुल्टन यांच्या प्रयोगशाळेत कार्लाइल जेकबसन यांनी हंटरची परीक्षा वानरांवर घेतली. दोन पेल्यांपैकी एकाखाली प्राण्याच्या डोळ्यांदेखत खाऊ ठेवायचा, मध्ये पडदा सोडायचा, काही सेकंदांनी पडदा उचलून निवड करू द्यायची. बेकी आणि लूसी या चिंपांझी माद्या हे सहज करत. मग दोघींच्या मेंदूचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी काढून टाकण्यात आला. त्यानंतर पडदा काही सेकंद जरी खाली राहिला तरी त्या गोंधळत. दृष्टी शाबूत, हालचाल शाबूत, भूकही शाबूत होती. नुकत्याच पाहिलेल्या गोष्टीचा धागा तेवढा तुटला होता. निष्कर्ष समोर उभा होता: हाच भाग तात्कालिक स्मृतीचा.

त्याच नोंदींत आणखी एक बाब होती. शस्त्रक्रियेआधी बेकी चूक झाली की चिडायची, आदळआपट करायची. शस्त्रक्रियेनंतर ती शांत झाली. लूसीचा स्वभाव असा निवळला नाही. म्हणजे दोन प्राण्यांपैकी एकाच्या वागण्यात पडलेला हा फरक होता. 1935 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये भरलेल्या मेंदूविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हे काम मांडलं गेलं आणि श्रोत्यांत पोर्तुगालचे एगास मोनीझ होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिस्बनला मोनीझ यांच्या देखरेखीखाली मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडण्याची पहिली शस्त्रक्रिया झाली. बेकीमुळेच मोनीझना ही कल्पना सुचली, ही हकीकत फुल्टन यांनी पुढे रंगवून सांगितली. इतिहासकार तिला तेवढं वजन देत नाहीत, आणि मोनीझ यांचे विचार आधीपासून त्या दिशेने चालले होते असं दिसतं. पण वैद्यकाने त्या काळात कोणत्या पुराव्याचा आधार घेतला हे तरीही स्पष्ट आहे. एका भागाला एक काम चिकटवलं की तो भाग काढला तर तेवढंच काम जाईल, बाकी माणूस तसाच राहील, ही समजूत त्या शस्त्रक्रियेच्या मुळाशी होती. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी लोबोटमी या नावाने तिचा प्रसार केला. हजारो माणसांच्या मेंदूवर ती झाली. 1949 मध्ये मोनीझना नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याच्या सात वर्षं आधी, 1942 मध्ये, रॉबर्ट माल्मो यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तो आजही पुरेसा वाचला जात नाही याचं मला वाईट वाटतं. मेंदूचा पुढचा भाग काढलेली माकडं जेकबसन यांच्या चिंपांझींप्रमाणेच नापास होत होती. माल्मो यांनी एकच बदल केला. मधल्या प्रतीक्षेच्या वेळात त्यांनी दिवे बंद केले. अंधारात थांबलेली तीच माकडं, त्याच अपुऱ्या मेंदूने, बरोबर उत्तरं देऊ लागली.

यावर जरा थांबायला हवं. आठवण जर काढून टाकलेल्या भागात साठवलेली असती तर दिवे बंद करून ती परत आली नसती. म्हणजे ती कुठेतरी दुसरीकडे तग धरून होती. उजेडात मात्र पिंजऱ्याच्या जाळीची चमक, माणसाची हालचाल, स्वतःचे हात अशी दर क्षणी नवी दृश्यं येऊन तिच्यावर पडत, आणि ती टिकत नसे. त्या प्राण्यांनी गमावलं होतं ते आठवणीची राखण करणारं बळ. साठा गेला आणि राखण गेली या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं खरं मानलं तर रुग्ण विसराळू होईल एवढंच वाटतं. दुसरं खरं मानलं तर तो प्रत्येक बाहेरच्या धक्क्यासरशी वाहवत जाईल, स्वतःच्या हेतूला धरून राहू शकणार नाही, हे दिसतं. लोबोटमी झालेल्या अनेक माणसांच्या घरच्यांनी नेमकं हेच अनुभवलं. दिव्याचं एक बटण वापरून केलेल्या प्रयोगाने ते सांगितलं होतं, आणि तेव्हा ते ऐकायला फारसं कुणी थांबलं नाही.

पुढचा मोठा टप्पा 1971 चा. लॉस एंजेलिसमध्ये वाकिन फुस्तेर आणि गॅरेट अलेक्झांडर यांनी, आणि जपानमध्ये किसोऊ कुबोता आणि हिरोआकी निकी यांनी, जाग्या माकडांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये केसाहून बारीक तारा घालून एकेका चेतापेशीचे विद्युत्-स्पंद नोंदवले. खाऊ दिसताना काही पेशी चेतल्या, हे अपेक्षितच होतं. नवल पुढे होतं. पडदा पडला, समोर काहीच उरलं नाही, तरी काही पेशी थांबण्याच्या पूर्ण वेळात स्पंद देत राहिल्या आणि निवड झाल्यावरच शांत झाल्या. गैरहजर वस्तूची मेंदूतली हजेरी पहिल्यांदाच माणसाला ऐकू आली.

ही हजेरी पॅट्रिशिया गोल्डमन-राकीच यांनी विलक्षण नेटकेपणाने मांडली. 1989 मध्ये त्यांनी शिंतारो फुनाहाशी आणि चार्ल्स ब्रूस यांच्यासह केलेला प्रयोग आज अभिजात मानला जातो. माकड पडद्याच्या मध्यावरच्या ठिपक्याकडे नजर लावून बसतं. भोवतीच्या आठ जागांपैकी एका जागी क्षणभर प्रकाश चमकतो. माकडाने तिकडे पाहायचं नाही. काही सेकंदांनी मधला ठिपका गेला की मगच, आता रिकाम्या असलेल्या त्या जागेकडे नजर वळवायची. हंटरच्या उंदराची युक्ती इथे चालत नाही, कारण डोळे मध्यावर बांधलेले. आणि दिसलं असं, की एक पेशी फक्त वरच्या जागेसाठी स्पंद देत राहते, दुसरी फक्त डावीकडच्या जागेसाठी. स्पंद मध्येच विझले त्या फेरीत माकड चुकण्याची शक्यता मोठी. पुढे त्यांनी मेंदूच्या एकाच बाजूच्या या भागाला इजा केली, तेव्हा माकडाला विरुद्ध बाजूच्या जागा तेवढ्या आठवेनाशा झाल्या. त्या बाजूला दिसत सगळं होतं.

हे प्रयोग बहुतांशी ऱ्हीसस माकडांवर झाले. उत्तर भारतातल्या देवळांत आणि रेल्वे स्टेशनांवर दिसणारं लाल तोंडाचं माकड ते हेच. दक्षिण महाराष्ट्रात आणि गोव्यात दिसणारं, डोक्यावर टोपीसारखे केस असलेलं माकड त्याचं भाईबंद. अमेरिकी प्रयोगशाळांना ही माकडं अनेक दशकं प्रामुख्याने भारतातून जात होती. 1978 मध्ये आपल्या सरकारने ती निर्यात बंद केली. कार्यस्मृतीबद्दल जगाला जे माहीत आहे त्याचा मोठा भाग आपल्याकडच्या प्राण्यांच्या मेंदूतून आला, याची जाणीव हे ज्ञान वापरणाऱ्या प्रत्येक भारतीयाला असायला हवी असं मला वाटतं.

गोल्डमन-राकीच यांचं दुसरं योगदान माझ्या मुद्द्यासाठी अधिक महत्त्वाचं आहे. 1979 मध्ये थॉमस ब्रोझोस्की आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी माकडांच्या प्रीफ्रंटल भागातून पेशी न काढता फक्त डोपामिन हे रसायन घालवलं. डाव्या-उजव्या जागेची आळीपाळीने निवड करण्याच्या परीक्षेत ही माकडं जवळजवळ तो भागच काढून टाकल्यासारखी कोलमडली, आणि डोपामिनची उणीव भरून काढणारी औषधं दिल्यावर सावरली. पेशी तिथेच होत्या, त्यांच्यातल्या जोडण्या तिथेच होत्या, फक्त मेंदूच्या बुडातून वर येणारा रसायनाचा पुरवठा तुटला होता. पुढे एमी आर्न्स्टेन यांच्या गटाने दाखवलं की हे प्रमाण कमी झालं तरी स्पंद विस्कटतात आणि तणावात वाजवीपेक्षा वाढलं तरी विस्कटतात. म्हाताऱ्या माकडांवरच्या त्यांच्या कामातून ग्वानफॅसिन हे रक्तदाबाचं औषध मुलांमधल्या अवधानाच्या विकारासाठी वापरात आलं. भागाला साठवणीची जागा मानणाऱ्या विचारातून हे औषध सापडलं नसतं. तो भाग कोणाच्या आधारावर चालतो हे विचारल्यामुळे ते सापडलं.

आता अडचणीकडे येतो. गैरहजर वस्तूसाठी स्पंद देत राहणाऱ्या पेशी कपाळामागेच सापडतात का? मुळीच नाही. फुस्तेर यांनाच 1980 च्या सुमारास त्या कानशिलाजवळच्या, वस्तू ओळखणाऱ्या भागात सापडल्या. तिथे पेशी लक्षात ठेवायच्या रंगानुसार स्पंद देत. 1988 मध्ये जेम्स नाट आणि रिचर्ड अँडरसन यांना तशा पेशी डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात, नजर कुठे न्यायची हे ठरवणाऱ्या पट्ट्यात आढळल्या. म्हणजे एकाच वेळी अनेक भाग त्याच गोष्टीची हजेरी लावत असतात. मग प्रीफ्रंटलचं वेगळेपण कशात?

उत्तर 1996 मध्ये अर्ल मिलर, सिंथिया एरिक्सन आणि रॉबर्ट डेसिमोन यांच्या प्रयोगातून आलं. माकडाने एक चित्र लक्षात ठेवायचं, मध्ये भलतीच चित्रं येत राहणार, आणि मूळ चित्र पुन्हा आलं की ओळखायचं. कानशिलाजवळच्या पेशींची हजेरी पहिलं भलतं चित्र येताच पुसली जाई. प्रीफ्रंटलमधल्या पेशींची मात्र त्या गर्दीतही टिकून राही. माल्मो यांनी दिव्याच्या बटणाने जे दाखवलं होतं तेच इथे चोपन्न वर्षांनी एकेका पेशीच्या पातळीवर दिसलं. विचलन नसेल तेव्हा मागचे भाग पुरेसे असतात, विचलन आलं की पुढच्या भागाची गरज पडते. माझ्या दृष्टीने या क्षेत्रातल्या सगळ्या निष्कर्षांत हा सर्वांत भक्कम आहे, कारण तो दोन वेगळ्या काळांत, दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी मिळाला.

उंदरांवर काम करणारे दरम्यान वेगळ्याच रस्त्याने चालले होते. 1976 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ओल्टन यांनी आठ बाहूंचा, सूर्यकिरणांसारखा पसरलेला चक्रव्यूह वापरला. प्रत्येक बाहूच्या टोकाला एकेक दाणा. उंदराने एकदा गेलेल्या बाहूत पुन्हा जाऊ नये यातच त्याचा फायदा. उंदीर यात चटकन तरबेज झाले. ज्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा केली ते मात्र त्याच त्या रिकाम्या बाहूंत फेऱ्या मारत राहिले. ओल्टन यांच्या मते कार्यस्मृतीचा आधार हिप्पोकॅम्पस, माकडवाल्यांच्या मते प्रीफ्रंटल. दोन्ही गट वर्षानुवर्षं आपापल्या पुराव्यावर ठाम होते, आणि दोघांचेही पुरावे खरे होते. आठ जागांपैकी कुठे जाऊन आलो हे काही मिनिटं ध्यानात ठेवणं आणि एक चमकलेला ठिपका तीन सेकंद धरून ठेवणं ही वेगळी कामं आहेत. त्यांना एका नावाखाली बसवून मग जागेवरून वाद घालणं फुकट होतं.

2010 नंतर प्रकाशाच्या साहाय्याने ठरावीक पेशी क्षणार्धात बंद-चालू करण्याचं तंत्र रुळलं, आणि भांडण मिटण्याची खरी सोय झाली. कापाकापीत भाग कायमचा जातो. प्रकाशाने तो फक्त पाहण्याच्या वेळी, फक्त थांबण्याच्या वेळी किंवा फक्त निवडीच्या वेळी गप्प करता येतो. 2015 मध्ये जोशुआ गॉर्डन यांच्या गटाने छोट्या उंदरांत हिप्पोकॅम्पसकडून प्रीफ्रंटलकडे येणारे धागे असे बंद करून पाहिले. जागा पहिल्यांदा टिपून घेण्याच्या वेळी धागे बंद केले तर उंदीर चुकले. थांबण्याच्या किंवा निवडीच्या वेळी बंद केले तर काही बिघडलं नाही. 2017 मध्ये क्रिस्टोफ केलेंडोंक यांच्या गटाने मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसकडे लक्ष वळवलं. थॅलॅमसकडून प्रीफ्रंटलकडे जाणारे धागे थांबण्याच्या काळात लागतात आणि प्रीफ्रंटलकडून थॅलॅमसकडे परतणारे निवड करताना लागतात, असं त्यात आढळलं. त्याच वर्षी कारेल स्वोबोडा यांच्या गटाने दाखवलं की जीभ डावीकडे काढायची की उजवीकडे याचा बेत धरून ठेवणाऱ्या पुढच्या भागाला थॅलॅमसची साथ क्षणभर तोडली तरी त्याचे स्पंद कोसळतात. उलट बाजूनेही तेच. दोघांपैकी एकटा कोणीच काही धरून ठेवत नाही. 2018 मध्ये या साखळीत अनुमस्तिष्कही आलं, ज्याला आपण शाळेपासून फक्त तोल सांभाळणारं म्हणून ओळखतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो शांघायच्या लियू, ली आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या प्रयोगाने. छोट्या उंदराने एक वास हुंगायचा, काही सेकंद थांबायचं, दुसरा वास वेगळा आहे का ते ठरवायचं. थांबण्याच्या काळात प्रीफ्रंटलच्या मधल्या भागात ढवळाढवळ केली की नवशिके उंदीर चुकत. पण काम पक्कं शिकलेल्या उंदरांवर त्याच ढवळाढवळीचा परिणाम होत नसे. म्हणजे भाग तोच, काम तेच, प्राण्याची जातही तीच, आणि तरी त्या भागाची गरज सरावाने संपली. अशा निकालापुढे कार्यस्मृती कुठे असते या प्रश्नाला कुठलंच एक उत्तर उरत नाही. कोणाची, किती सरावाची, कुठल्या कामातली, असं विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

स्वोबोडांच्या उंदरांबद्दल एक शंका रास्त आहे आणि ती या क्षेत्रातले लोकही घेतात. तो उंदीर मागची गोष्ट आठवतो आहे की पुढच्या हालचालीची तयारी धरून बसला आहे? बऱ्याच प्रयोगांत ही दोन्ही उत्तरं वेगळी काढता येत नाहीत. हंटरच्या प्राण्यांनी शरीराचा रोख धरला होता, हे उंदीर जिभेच्या हालचालीचा बेत धरतात. ही पळवाट आहे असं समजण्याचं कारण नाही. निसर्गात आठवणीला किंमत येते ती पुढे काय करायचं यासाठी, आणि मेंदू जमेल तेव्हा आठवणीचं रूपांतर बेतात करून टाकतो. म्हणूनच तिचा माग एका भागातून दुसऱ्या भागात सरकत जातो.

पक्ष्यांचं उदाहरण घेतलं की जागेचा आग्रह आणखी ढिला पडतो. पक्ष्यांच्या मेंदूत आपल्यासारखी सहा थरांची साल नसते. त्यांचा आणि आपला समाईक पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तरी 1982 मध्ये मोगेन्सन आणि दिवाच यांनी कबुतरांच्या मेंदूच्या मागच्या-बाहेरच्या एका भागाला इजा केली तेव्हा माकडांसारखीच उणीव दिसली. 2014 मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनला लेना वाइट, आंद्रेआस नीडर आणि सहकाऱ्यांनी कावळ्यांच्या त्याच भागात, चित्र नजरेआड असताना स्पंद देत राहणाऱ्या पेशी नोंदवल्या. हा भाग कपाळामागे नाही, डोक्याच्या मागच्या बाजूला आहे. त्याची घडण प्रीफ्रंटलहून वेगळी आहे. साम्य आहे ते डोपामिनच्या भरघोस पुरवठ्यात आणि सर्व इंद्रियांकडून माहिती येऊन हालचालींकडे आज्ञा जाण्याच्या मोक्याच्या स्थानात.

त्याहून पुढे फळमाशी. 2008 मध्ये जर्मन संशोधकांनी एका माशीला एका उभ्या पट्ट्याच्या दिशेने चालू दिलं, मध्येच तो पट्टा नाहीसा केला आणि बाजूला दुसरा दाखवला. माशी दुसऱ्याकडे वळली. मग दुसराही नाहीसा केला. माशीने पुन्हा पहिल्याची, आता कुठेच नसलेल्या पट्ट्याची, दिशा धरली. तिच्या मेंदूच्या मध्यावरच्या कड्यासारख्या रचनेतल्या ठरावीक पेशी निकामी केल्या तर ती हे विसरते. विचलनाला सामोरं जाऊन पहिल्या हेतूकडे परतण्याचं काम खसखशीच्या दाण्याहून लहान मेंदूतही होतं, आणि तिथे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स नावाची वस्तूच नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. सगळंच सगळीकडे आहे असं म्हटलं तर ज्ञान पुढे सरकणार कसं? भागांचा शोध घेतला म्हणून तर औषध सापडलं, नोंदी झाल्या. हा आक्षेप मी मान्य करतो, पण तो माझ्या म्हणण्याला लागू पडत नाही. काम वाटलेलं असणं आणि ते सर्वत्र सारखं असणं यांत फरक आहे. फुनाहाशींच्या माकडांनी विरुद्ध बाजूच्याच जागा गमावल्या. गॉर्डन यांच्या उंदरांनी टिपणीच्या क्षणीच मार खाल्ला. मिलर यांच्या कानशिलाजवळच्या पेशी गर्दीतच हरल्या. हे सगळे अत्यंत नेमके निकाल आहेत. त्यातली नेमकी गोष्ट मात्र कामाचा टप्पा आणि अडथळ्याचा प्रकार ही आहे. गोल्डमन-राकीच यांनी स्वतः प्रीफ्रंटलला मागच्या भागांशी जोडलेल्या जाळ्याचा एक भाग म्हणूनच मांडलं होतं. त्यांच्या कामाची पाठ्यपुस्तकी आवृत्ती तयार होताना जाळं गळालं आणि ठिपका उरला.

स्पंद अखंड चालू राहतात का, हाही वाद अजून जिवंत आहे. 2008 मध्ये मोंजिलो, बराक आणि त्सोडिक्स यांनी मांडलं की पेशी गप्प असतानाही त्यांच्या जोडांमध्ये साचलेल्या कॅल्शियममुळे आठवण एखाददोन सेकंद जपली जाऊ शकते. मिलर यांच्या गटाच्या नंतरच्या नोंदींत स्पंद सलग न येता झटक्याझटक्याने आले. ख्रिस्तोस कॉन्स्टँटिनिडिस यांच्यासारखे संशोधक सलग स्पंदांची बाजू आजही हिरिरीने लढवतात. माझा कल असा, की काम हलकं असेल तर मेंदू गप्प जोडांवर भागवतो आणि ते अवघड किंवा गर्दीचं झालं की स्पंद चालू ठेवतो. निकाल लागायला वेळ लागेल. पण या वादात दोन्ही बाजू जागेबद्दल भांडत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

मग जागेचा आग्रह टिकतो कशामुळे? मला वाटतं, तो विकायला आणि शिकवायला सोपा असल्यामुळे. मेंदूचं चित्र काढून त्यात रंग भरले की समजल्याचा भास होतो. मुलांची स्मरणशक्ती वाढवण्याच्या शिबिरांच्या जाहिरातींत मेंदूचा पुढचा भाग लाल रंगात पेटवलेला असतो आणि कुठल्याशा खेळाने तो बळकट होईल असं आश्वासन असतं. पालक पैसे भरतात. मुलाचं लक्ष लागत नाही याचं कारण घरातला गोंगाट, अपुरी झोप किंवा शाळेतली भीती असू शकतं, आणि त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम याच जाळ्यावर होतो. पण रंगवलेल्या ठिपक्यात या गोष्टींना जागा नसते. तणावात डोपामिनचा तोल गेला की प्रीफ्रंटलची राखण ढासळते हे माकडांवर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. धाकात बसलेल्या मुलाला तोंडी हिशेब जमत नाही, तेव्हा त्याची स्मृती कमकुवत आहे असा शेरा मारण्याआधी शिक्षकाने एवढं तरी माहीत करून घ्यावं.

प्राण्यांच्या बाजूनेही मला एक म्हणायचं आहे. या ज्ञानासाठी माकडांच्या कवट्या उघडल्या गेल्या, चिंपांझींचे मेंदू कापले गेले. काही प्रयोग टाळता आले असते, काहींशिवाय आज हातात असलेली औषधं नसती. त्याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या विवेकाने करावा. पण इतक्या किमतीने मिळालेला निकाल एका ओळीच्या घोषवाक्यात कोंबणं कुठल्याही हिशेबात बसत नाही.

म्हणून मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना आणि पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे. कार्यस्मृतीबद्दल मेंदूच्या कुठल्याही भागाचं नाव छापाल तेव्हा त्याच्या शेजारी तीन गोष्टी छापा: प्राण्याला काय करायला सांगितलं होतं, त्याला किती वेळ थांबवलं होतं आणि मध्ये त्याचं लक्ष कशाने विचलित होत होतं. पुस्तकात जागा कमी पडत असेल तर रंगीत चित्र थोडं लहान करा.